आता हात लावायचा नाही

सलूनवाल्याचा डावा पाय सुजला, तेव्हा त्याची बायको रोज तेल कोमट करून पोटरी चोळू लागली. दिवसभर खुर्चीभोवती उभं राहणाऱ्या माणसाचे पाय दुखायचेच, असं दोघंही धरून चालले होते. पण सूज उतरेना आणि पाय गरम लागू लागला, तशी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली.

तपासणी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "पायातलं रक्त शिरांतून वर हृदयाकडे जातं. चालताना पोटरी शिरेला दाबते, रक्त वर ढकललं जातं आणि शिरेतल्या झडपा त्याला खाली येऊ देत नाहीत. यांच्या शिरेत गुठळी झालीय, म्हणून रक्त खाली तुंबलंय."

"मी रोज चोळत होते हो," बायको म्हणाली.

"आता अजिबात चोळू नका. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल."

तिने नवऱ्याच्या पायावर ठेवलेला हात काढून घेतला.

औषधाने गुठळी वाढायची थांबणार होती. ती विरघळवायचं काम शरीरानेच सावकाश करायचं होतं. घरी तो उशीवर पाय ठेवून कण्हायचा. "अगं, जरा दाब ना."

"नको म्हटलंय ना त्यांनी!" असं म्हणून ती दुसऱ्या खोलीत जायची आणि तिथे नुसतीच उभी राहायची.

काही महिन्यांनी गुठळी विरली, पण झडपा बिघडल्या त्या बिघडल्याच. थोडा वेळ उभं राहिलं की पाय पुन्हा सुजायचा, म्हणून सलून त्याच्या धाकट्या भावाकडे गेलं. ती डबा घेऊन जाते, तेव्हा नवरा गिऱ्हाइकांच्या बाकावर बसलेला असतो. "अरे, कानामागे राहिलं," तो सांगतो, उठू पाहतो आणि पुन्हा बसतो.