आजोळावर गेलेली पोरगी

हिंगण्याच्या त्या गल्लीत वच्छलाच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती. भाजीवाला तिला लांबून बघितलं की न मागता कोथिंबीर टाकायचा. एकाच गोष्टीवर बाई मूग गिळून बसायची. तिचा नवरा रुपराव, कंपनीतला कामगार, ताडमाड माणूस. थोरली मिनल ठेंगणी राहिली, तर हा महाशय चारचौघांत म्हणायचा, “पोरगी आजोळावर गेली!” वच्छला स्वतः त्याच्या खांद्याला लागायची. त्यामुळे दोष आपल्याच रक्ताचा, असं तिलाही वाटायचं.

मिनलला पोलिसात जायचं होतं. दुसरं काही सुचतच नव्हतं तिला. पहाटे उठून पळून पळून पायाची लाकडं केली बिचारीनं. आणि भरतीत धावण्याआधीच उंची मोजली, तर बोटभर कमी! घरी येऊन ढसाढसा रडली.

“आता काय करता वं,” रुपराव बूट काढत म्हणाला, “आजोळावर गेली ना थे.”

तेवढ्यात धाकटी नूपुर क्लासहून आली. उंचीला बापाच्या कानापर्यंत पोचणारी पोरगी. वच्छलानं तिच्याकडे मान वर करून पाहिलं आणि तिची सटकलीच.

“अजी, अन् हे कोनाच्या आजोळावर गेली? हिच्यासाठी का मी दुसरं माहेर केलं होतं?”

रुपराव गडबडला. “तसं नाही वं...”

“मंग कसं? मिनल लहान होती तवा तुम्ही ठेक्यावर. काम आज हाय, उद्या नाही. पोरगी चहात पोळी बुडवून वाढली. सदा जुलाब, सदा खोकला, अन् डॉक्टरकडे न्यायची सोय नाही. तुम्ही पर्मनंट झाले, मंग नूपुर झाली. तिले दूध, अंडे, शिंकली का दवाखाना! अन् नाव माह्या माहेराचं?”

इतकी वर्षं आपण हे ऐकून घेतलं, याचाच तिला जास्त संताप आला होता. भांडी आपटत ती आत गेली.

रुपराव गुपचूप बाहेर पडला, दुधाची पिशवी घेऊन आला. स्वतःच तापवलं. आयुष्यात पहिल्यांदा गॅस पेटवला असेल गड्यानं, अर्धं उतू घालवलं. उरलेलं ग्लासात ओतून मिनलसमोर धरलं. “पी वं बाई.”

रडून सुजलेल्या डोळ्यांनी मिनल हसली. “बाबा, आता उंची नाही वाढत. रुंदीच वाढते.”

तरी तिनं ग्लास तोंडाला लावला आणि सगळं पिऊन टाकलं. रुपरावनं रिकामा ग्लास हातात घेतला. पोरीकडे बघायची हिंमत होईना त्याची.

“अजून देऊ का?” त्यानं विचारलं.