मराठीत भांडायचंय

जे. पी. नगरातल्या आमच्या उन्हाळी मराठी वर्गात पहिल्या दिवशी मी प्रत्येक मुलाला विचारते, "सुट्टी संपेपर्यंत तुला काय यायला हवंय?" उत्तरं बहुतेक आईबापांनी पढवलेली असतात. वाचायला, नाहीतर शुद्ध बोलायला.

एका वर्षी मारतहळ्ळीहून एक चौथीतली मुलगी यायची. आईवडील नागपूरचे, दोघंही आयटीतल्या नोकरीसाठी इकडं कन्नड मुलखात आलेले. ती खाली मान घालून म्हणाली, "अक्का, मला भांडायचंय."

"कुणाशी गं?"

"नागपूरच्या दादाशी. माझा चुलतभाऊ. तो चिडवतो आणि मी इंग्लिशमध्ये बोलले की सगळे हसतात."

मी निपाणीची. भांडणाचं शिक्षण मला घरबसल्या, तेही मराठी-कन्नड दोन्हींत मिळालेलं. मला एकदम हुरूपच आला.

"सरी, ठीक आहे," मी म्हटलं, "पण भांडण एकदम येत नाही."

आधी ठणकावून 'नाही' म्हणायचं, मग एका वाक्यात उलट उत्तर द्यायचं आणि शेवटी न अडखळता भांडत राहायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलं. मी दादा झाले. सुरुवातीला ती पुटपुटायचीच. मग बाकीची मुलंही दादा व्हायला पुढं आली आणि असा कल्ला झाला, की खालच्या दुकानातले अण्णा वर येऊन हातानं आवाज कमी करायची खूण करत "स्वल्प, मॅडम, स्वल्प" म्हणून गेले.

शेवटच्या आठवड्यात तिच्या आईनं वर्गातूनच दादाला व्हिडिओ कॉल लावला.

"काय गं, ऍक्च्युअली आली का तुला मराठी?" तो खिदळला.

"आली. तुझी कुठं गेली? ऍक्च्युअली कुठल्या मराठीत म्हणतात?"

हे मी शिकवलेलं नव्हतं. पलीकडं त्याच्या मागं अख्खं घर हसलं. दादाही हसला. "काकू, हिला कोणी शिकवलं बे?" मग कैरी कोण तोडणार, कूलरसमोर कोण झोपणार, यावरून दोघं इतकी भांडली की वर्ग संपला तरी फोन चालूच. तिचे गाल लाल झाले होते आणि ती थांबायला तयार नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोन मुलांनी आपलं ध्येय बदलून मागितलं. एकाला आत्याला हसवायचं होतं, दुसऱ्याला मराठीत क्रिकेटची कॉमेंट्री करायची होती. दिवस थोडेच उरले होते, तरी मी दोघांनाही हो म्हटलं.