डाव्या बाजूची रेघ

माझ्या वहिनीची शेवटची खूण मी माझ्या हातांनी, पॉलिश पेपरने घासून पुसली. दादा त्यावरून मला एक शब्दही वाईट बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गावात सगळे त्याला रेघवाले म्हणत. तेव्हा आमच्याकडे जुन्या गाड्या सजवायचं वेडच होतं. छत कापून खाली आणायचं, मडगार्ड फुगवायचे आणि शेवटी कडेने, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, एक बारीक रेघ ओढायची. ती ओढायला दादाच लागे. लांब केसांचा ब्रश, करंगळी पत्र्याला टेकलेली, श्वास रोखलेला. पट्टी नाही, दोरा नाही, चिकटपट्टी तर नाहीच नाही. चिकटपट्टी लावणाऱ्याला तो रंगारी म्हणतच नसे, पाकिटं चिकटवणारा म्हणे. वहिनी त्याच गॅरेजात गाड्यांच्या गाद्या शिवायची आणि पॉलिश माझ्याकडे. गावातल्या निम्म्या गाड्या आम्ही तिघांनी नटवल्या असतील.

वर्षातून एकदा गिरणीमागच्या मैदानात या गाड्यांचं प्रदर्शन भरे. आज तिथे चार मजली दुकानं आहेत, सरकता जिना आहे, आणि आत शिरलं की दिवस आहे की रात्र ते कळत नाही. मला मात्र अजून तापलेल्या ऑइलचा, ताज्या रंगाचा आणि तुडवलेल्या गवताचा वास येतो. लोक गाडीपाशी ओणवे व्हायचे, एक डोळा मिटून रेघेवरून नजर फिरवायचे आणि मान डोलवायचे. बाकी बक्षिसं गेली खड्ड्यात, आम्हाला ती मान हवी असे. पुढे गिरणी बंद पडली, गाड्या भंगारात गेल्या, प्रदर्शनही गेलं. मी पोटामागे दुसऱ्या शहरात गेलो. वहिनी गेली तेव्हाही तीन दिवस आलो आणि परत फिरलो. त्याची लाज मला आजही वाटते.

गेल्या वर्षी कायमचा परतलो. दादाचं वय अठ्ठ्याहत्तर. गाडी एकच उरली होती, त्याची स्वतःची, गडद हिरवी, घरामागच्या शेडमध्ये चादरीखाली झाकलेली. आणि अचानक त्या दुकानवाल्यांना जुन्या गाड्यांचा पुळका आला! त्यांनी खालच्या पार्किंगमध्ये रविवारी प्रदर्शन ठेवलं. दादाचा आनंद गगनात मावेना.

"एकदा तिला मैदानात नेतो," तो म्हणाला. "मग डोळे मिटले तरी चालतील."

मैदान कुठलं, तळघर होतं ते.

शनिवारी तो डोळे तपासायला गेला आणि मी पॉलिशला लागलो. डाव्या बाजूला आलो आणि सवयीने एक डोळा मिटून बघितलं. मागच्या दारापाशी वीतभर रेघ थरथरली होती. मध्येच जाड, मध्येच बारीक, पुढे कशीबशी मार्गाला लागलेली. मला वाटलं, दादाने म्हातारपणी ओढली असणार आणि आता त्याला ती दिसतही नसणार. उद्या चार लोक एक डोळा मिटून बघतील आणि हसतील. माझ्या दादाला! विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या रेघेला हात लावायचा नाही, ही आमच्या धंद्यातली रीत. पण विचारायचं म्हणजे तुझी रेघ वाकडी आहे असं त्याला तोंडावर सांगायचं. ते माझ्या जिवावर आलं. मी रेघ घासली. त्याच्याच डब्यातला रंग घेतला आणि, आता काय लपवायचं, चिकटपट्टी लावून नवी ओढली.

रविवारी सकाळी दादा इस्त्रीचा शर्ट घालून शेडमध्ये आला तो थेट डाव्या बाजूला गेला. रेघेवरून अंगठा फिरवत मागच्या दाराशी थांबला.

"ही कोणी काढली?"

"मी. जरा वाकडी झाली होती, दादा. म्हटलं, लोक उगाच..."

त्याने अंगठा पुन्हा तेवढ्याच वीतभर जागेवरून फिरवला.

"तुझ्या वहिनीची होती ती," तो म्हणाला. "शेवटच्या उन्हाळ्यातली. सुई धरवत नव्हती तिला. म्हणाली, इतकी वर्षं तुमच्या रेघा बघितल्या, आता एक मला ओढू द्या. मी तिची खुर्ची सरकवत होतो. दारापाशी दम लागला, पण ब्रश काही उचलला नाही पठ्ठीने."

मी म्हणालो, "मी पुन्हा काढतो. होती अगदी तश्शी."

"कशी काढशील? तू मुद्दाम थरथरती काढशील. ती सरळ काढत होती रे."

मग त्याने रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाला, "चल, उशीर होतोय."

तळघरात ट्यूबलाइटखाली गाडी झकपक दिसत होती. तरुण पोरं फोटो काढत होती. एक मुलगी दोन्हीकडून बघून म्हणाली, "काका, दोन्ही बाजू अगदी सारख्या आहेत हो!"

"डावी माझ्या भावाने काढलीय," दादा म्हणाला, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी एका माणसाने विचारलं, गाडी विकणार का? असं विचारणाऱ्याला दादाने आजवर दारातूनच पिटाळून लावलं होतं. या वेळी त्याने किंमतसुद्धा विचारली नाही. खिशातून किल्ली काढली आणि त्या माणसाच्या हातात ठेवली.

घरी आम्ही बसने आलो.