पुढची ओळ

विभूतीचा कोरडा वास आला की कळंब्याच्या घरातली ती सकाळ आठवते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासरी प्रत्येकाच्या गळ्यात ज्याचं त्याचं इष्टलिंग. पूजेला ते आपल्याच डाव्या तळहातावर घ्यायचं. एमआयडीसीतल्या पहिल्या पाळीला जाण्याआधी आमचे हे तसेच डोळे मिटून कानडी वचन म्हणत बसले होते. तेवढा वेळ मी त्यांच्या लेखी घरातच नसायचे, ते मला खुपायचं. म्हणून समोर बसले आणि त्यांच्या हाताखाली माझी ओंजळ धरली. ते मध्येच थांबले. स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "त्येचं त्येला बघू दे की. तुझं तुझ्या हातावर हाय न्हवं?" मी रागानं उठले आणि दुसऱ्या दिवसापासून आतल्या खोलीत पूजा करू लागले. बाहेर ते एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे. पुढची मला पाठ होती, पण मी म्हटली नाही. मग तीही ओळ ते स्वतःच म्हणायचे. बरीच वर्षं ते असे थांबत राहिले. शेवटी त्यांचं लिंग त्यांच्याच तळहातावर ठेवून आम्ही त्यांना माती दिली. आता बाहेरच्या खोलीत मी बसते, एक ओळ म्हणते आणि थांबते.