उजेडाकडे धरा

देसाईबाई गेल्या, हे पुतण्यानं भिवंडीहून येऊन सांगितलं तेव्हा मी गोठ्यात होतो. हातातला पेंढा हातातच राहिला... बाई त्वचेचे रोग तपासायच्या. तिसरी शिकलेला मी त्यांच्यावर लिहिणार म्हटल्यावर घरातले हसले. हसू देत.

एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट, माझं नवं लग्न. पार्वतीच्या हातावर गोल चट्टे उठले. आईनं तिच्या हातचं पाणी बंद केलं. "माहेराहून आणलाय रोग. धाडून दे." धाडली असती तर आईनं परत उंबरा चढू दिला नसता. मी म्हटलं, न्हाय धाडत. आणि तिला घेऊन भिवंडीला बाईंच्या दवाखान्यात गेलो.

"हात उजेडाकडे धरा." बाईंनी बोथट सुरीनं चट्ट्याची कड खरवडली, कोंडा काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली पाहिला. "बुरशी आहे. कुठली, ते वाढवून बघायला हवं." कापसाचा बोळा लावलेल्या नळीत त्यांनी ती पेरली. कधी कळेल विचारलं, तर म्हणाल्या, "भाताला अशीच घाई करता का?" मग घरच्या गुरांची चौकशी केली. वासराच्या डोळ्यांभोवती पांढुरकी खपली होती. "त्याचे केस आणा."

मी अख्खं वासरूच गाडीत घालून नेलं. शेजारच्या कापडाच्या मागांवरचे लूमवाले गोळा झाले. "अरे, डाक्टरनी अब बछड़ा भी देखेगी क्या?" बाई संतापल्या, "केस मागितले होते मी!"

"उद्या कुणी म्हणायला नको, दुसऱ्याच वासराचे आणले."

बाईंनी रस्त्यावरच केस उपटून घेतले आणि दुसऱ्या नळीत पेरले.

काही आठवड्यांनी दोन्ही नळ्यांत सारखाच सुरकुतलेला, पांढरट गोळा वाढला. आईला पटणार न्हाय, ती म्हणते माहेराहून आणलाय, असं सांगितल्यावर बाई नळ्या घेऊन स्वतः आमच्या गावी, अंजूरला आल्या. "आजी, उजेडाकडे धरा. दोन्ही एकच. ही गुरांच्या अंगावरची बुरशी, वासराकडून सुनेला लागली. वासरू कुठलं?"

"आमच्याच गायीचं," आई तोऱ्यात म्हणाली.

"मग आता त्याला धाडा माहेरी!"

आईनं नळ्या बाईंच्या हातात परत दिल्या आणि आत तोंड करून म्हणाली, "पार्वते, बाईंना चहा टाक. मलाबी दे."

मलम लावून चट्टे गेले. वासरूही बरं झालं.

बाईंची बातमी आली त्या दिवशीही गोठ्यात नवं वासरू होतं. पार्वती बाहेर आली, डोळे पुसले, वासराचं तोंड हातात घेतलं आणि मला म्हणाली, "असे उभे काय? उजेडाकडं धरा त्याला."

मी धरलं.