बटण दाबा, श्वास घ्या, मग बोला

साहेबराव गवारे आमच्या चाकणच्या कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून येण्याआधी वॉकीटॉकीवर नुसती चावडी भरायची. "जय भीम भाऊ", "रामराम, जेवलास का?", "येताना वडापाव आण की राव!" एवढं सगळं उरकल्यावर, आठवलंच तर, गेटवर उभ्या ट्रकचं काय करायचं ते विचारायचं.

साहेबराव जालन्याकडचे. सैन्यात सिग्नलमध्ये हवालदार होते, उमर बर्फात यंत्राशी बोलण्यात गेली. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या गार्डांना ओळीत उभं केलं.

"बटण दाबा, श्वास घ्या, मग बोला. घाई केली की पहिला शब्द यंत्र खातं. आधी समोरच्याचं नाव, मग आपलं. नाव म्हणजे विलास आणि बंटी नव्हे. गेट एक, गेट दोन, कंट्रोल. आपलं बोलणं झालं की 'ओव्हर', म्हणजे आता तुम्ही बोला. विषयच संपला की 'आउट'."

"आणि 'ओव्हर अँड आउट', काका?" मी डिस्पॅचच्या दारातून खडा टाकला. "सिनेमात तर तसंच म्हणतात."

"म्हणू द्या. पाहुण्याला 'बसा' म्हणायचं आणि त्याच्या तोंडावर दार लावायचं, असं आहे ते."

तळेगावला घरीही हीच कवायत. एकदा फोनवर बायकोला 'आउट' म्हणून बसले. विमलबाईंनी लगेच उलटा फोन लावला, "घरात आउट मी म्हणते." तेव्हापासून घरी त्यांना फक्त ओव्हरची परवानगी आहे.

गार्ड महिन्याभरात सुधारले. अडचण उरली ती कंट्रोल रूममधल्या कस्तुराची. मावळातली पोरगी, कानाने तिखट, आवाज स्वच्छ, पण समोर मोठा माणूस बोलला की काहीही असो, उत्तर एकच, "व्हय साहेब." ऐकू आलं तरी व्हय, नाही आलं तरी व्हय.

"नीट ऐकू आलं नाही तर 'पुन्हा सांगा' म्हणायचं," साहेबराव सांगत.

"मोठ्या मानसाला पुन्यांदा इचारायचं? आमच्यात न्हाई इचारत, काका."

"सिग्नलमध्ये विचारतात. हुकूम ऐकला की तो तसाच परत म्हणून दाखवायचा. चूक दिसली तर आधी 'थांबा' म्हणायचं, मग पलीकडे जनरल का असेना."

कस्तुरा मान डोलवायची. "व्हय साहेब." साहेबराव कपाळाला हात लावायचे.

यंदा त्यांची निवृत्ती आली. त्यांच्या जागी कस्तुरा बसावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, पण प्लँट हेडला वाटत नव्हतं. "बाई फारच गरीब आहे हो. आगीच्या ड्रिलला बघू. जमलं नाही तर एजन्सीचा माणूस आणतो." त्या आठवड्यात साहेबराव चहातसुद्धा साखर मागायला विसरले.

ड्रिल दुपारी झालं. पेंट शॉपमध्ये आग लागली असं धरून मागच्या अंगणात खराखुरा धूर केला होता. हुकूम साहेबराव गेट एकवरून देणार, कस्तुरा ते सगळीकडे पोचवणार. प्लँट हेड तिच्या खुर्चीमागेच उभे. मी दारात, माझ्याही हातात वॉकीटॉकी होता.

"कंट्रोल, गेट एक. सगळी माणसं मैदान एकवर काढा. ओव्हर."

आता "व्हय साहेब" येणार म्हणून मी डोळेच मिटले.

"गेट एक, कंट्रोल. थांबा." आवाज जरा कापला, मग सावरला. "वारा फिरलाय. धूर मैदान एककडं चाललाय. खिडकीतनं दिसतंय. मानसं मैदान दोनवर काढते. बरोबर का? ओव्हर."

आमच्याकडे साहेबरावांना आजवर कुणी 'थांबा' म्हटलेलं नव्हतं, चहाचा आग्रह करतानासुद्धा नाही. गेटवरून त्यांना धूर दिसतच नव्हता.

"कंट्रोल, गेट एक. बरोबर. माझी चूक. मैदान दोन. ओव्हर."

"मैदान दोन. आउट."

माणसं मैदान दोनवर जमली. मैदान एकवरची कुत्री तेवढी खोकत पळाली. प्लँट हेड म्हणाले, "एजन्सीचं राहू द्या."

ते मी गेटवर जाऊन सांगितलं तेव्हा साहेबरावांनी कौतुक करायला वॉकीटॉकी तोंडाशी नेला आणि खाली घेतला. चॅनेलवर फालतू बोलायचं नाही, हा नियम त्यांचाच. मग कुरकुरता गुडघा घेऊन स्वारी भर उन्हात अख्खा कारखाना ओलांडत कंट्रोल रूमकडे निघाली, मी मागोमाग. वाटेत भेटेल त्याला सांगत होते, "हवालदाराला थांबवलं पोरीने! मला!" एवढी छाती तर त्यांनी स्वतःची मेडलं दाखवतानाही काढली नव्हती.

दारात उभं राहून त्यांनी टोपी सारखी केली. "शाब्बास, कस्तुरा."

तिने वळूनही पाहिलं नाही. "ते ऱ्हाऊ द्या, काका. गेट एक कुनाच्या हवाली केलंत?"

साहेबरावांची टाच टाचेला लागली.

"व्हय साहेब," म्हणाले, आणि हसत, लंगडत, आल्या वाटेने परत गेले.