मन्मथच्या माठातलं पाणी

मन्मथ गेल्याचं मला कमलने सांगितलं. बायकोला ते माझ्या आधी कळलं, याचाही त्या क्षणी मला राग आला... शोकसभेत मी त्याचा जुना मित्र म्हणून बोललो. खरं म्हणजे उदगीरच्या एकाच गल्लीत आमचे दोघांचे खाजगी दवाखाने होते, आणि उभा जन्म मी त्याच्या ओट्यावरच्या चपलांकडे बघण्यात घालवला.

लातूर नवा जिल्हा झाला, त्या सुमाराचा दुष्काळ. पाणी टँकरचं, मी तर दवाखान्यातला माठच आत नेऊन ठेवला होता. खोकणारा पेशंट आला की आम्ही बहुतेक जण ‘छातीत कफ आहे’ म्हणून सुई टोचायचो. टीबी म्हटलं की माणूस दुसरा डॉक्टर गाठायचा. घरात लग्नाची मुलगी असली तर हमखास. मन्मथ मात्र बेडका तपासायला लावायचा, रोगाचं नाव तोंडावर सांगायचा, सरकारी क्षयरोग केंद्राला कळवायचा. वर गावातल्या पेशंटला रोज ओट्यावर बोलावून, स्वतःच्या माठातलं पाणी देऊन, समोर गोळ्या गिळायला लावायचा. मग "आ करा" म्हणून तोंडात बघायचा. तरी गर्दी त्याच्याकडेच! मुखेडहून एसटीने लोक यायचे. मी त्याला ‘पाणपोईवाला’ म्हणायचो.

त्याच उन्हाळ्यात कमल खोकू लागली. मी सिरप देत राहिलो. ताप येऊ लागला, तरी सिरपच. डॉक्टरच्या घरात टीबी, आणि तो मन्मथने ओळखायचा?... एका सकाळी खिडकीतून पाहिलं, तर कमल त्याच्या ओट्यावर, रांगेत.

मी तरातरा गेलो. "माझ्या बायकोचं नाव सरकारात कळवू नकोस."

"ते कवाच गेलं," मन्मथ म्हणाला. "वैनी, आ करा... हां. लेकरांच्या छात्या बी तपासून घ्या. अन् तू उन्हात का उभा हायस? पाणी पी, लई तापलास."

मी प्यालो नाही.

कमल बरी झाली. ओट्यावर ती फक्त गोळ्या गिळायला जाते, औषध नवऱ्याचंच, असं धरून गावाने श्रेय मला दिलं. "साहेब, हातगुण हाय तुमचा!" मी हसून मान हलवायचो. मन्मथने ते कधी खोडून काढलं नाही, आणि त्यानेच माझा सर्वांत जास्त जळफळाट झाला. शोकसभेतही जीभ रेटली नाही, म्हणून इथे लिहितो. तिला त्याने बरं केलं. मी फक्त उशीर केला.

हल्ली माझी रक्तदाबाची गोळी कमल देते. पाणी देते आणि हलत नाही. काल मी चिडून म्हणालो, "गिळली की!"

"आ करा," ती म्हणाली.

इतक्या वर्षांच्या संसारात माझी एकही सवय तिला लागली नाही... मी तोंड उघडलं.